डबलसीट तीनचाकी: निवडीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

दुचाकी विकायची, हे आज पक्कं झालं.

नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर ती माझ्या हातून सुटली. ही मागे बसलेली होती. वेग शून्य, जमीन जराशी उतरती. मी डावा पाय टेकला तो नेमका सांडलेल्या तेलावर. २७० किलोंची गाडी एकदा कलंडायला लागली की सहासष्ट वर्षांच्या मांडीला ती आवरत नाही. हिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण जूनमध्येच हिच्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदललाय आणि ती त्याच बाजूला पडली. ते दोन-तीन सेकंद अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मी म्हटलं, आता फिरणं कारनंच. ही म्हणाली, "अहो, कारच्या काचेतून समुद्र बघायला मी एवढे व्यायाम करत नाहीये." एक्केचाळीस वर्षं ही माझ्यामागे डबलसीट बसते आहे. पुण्यात येझदीवर, साडी सावरत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत. इथे आल्यावर जीन्स आणि हेल्मेट. तिचं म्हणणं मला मान्य आहे.

तेव्हा तीनचाकी. आजवरची प्रत्येक गाडी मी पुढे बसून निवडली आणि हिनं मागे बसून सोसली. या वेळी मागच्या सीटचं आधी बघायचं, इंजिनाचं नंतर.

२१ जानेवारी

आठवडाभर वाचन केलं. तीनचाकी म्हणजे एकच जात नव्हे.

पहिली तऱ्हा: एक चाक पुढे, दोन मागे. आपल्या रिक्षासारखी मांडणी, वर मोटारसायकलची बैठक. हार्लेची ट्राय ग्लाइड अशी आहे. होंडा गोल्डविंगचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा संच बसवून देणारे कारखानेही इथे आहेत. हार्लेचं तीनचाकीशी नातं जुनं. १९३२ ते १९७३ त्यांची सर्व्ही-कार निघत होती, पोलीस ती पार्किंगच्या गस्तीला वापरत. दिल्लीत जुन्या हार्लेंना मागे डबा जोडून केलेल्या फटफट्या चांदणी चौकाकडे धावायच्या. नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा मी तिच्यात बसलो होतो, आठ जणांत अंग चोरून.

दुसरी तऱ्हा: दोन चाकं पुढे, एक मागे. कॅनडातल्या बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर २००७ मध्ये आली ती अशी. लांबच्या प्रवासाची आरटी त्यानंतर.

तिसरी तऱ्हा: पुढची दोन्ही चाकं वळणात गाडीबरोबर झुकतात. यामाहा निकेन, पियाजिओ एमपी३. वळणात हीच सगळ्यात सुखाची असणार. पण निकेन उभी असताना पायांवरच तोलून धरावी लागते, म्हणजे माझा पेट्रोल पंप जिथल्या तिथे. एमपी३ ला उभं असताना झुकणं बांधून ठेवायची सोय आहे, पण ती मुळात शहरातली स्कूटर. हिला पाठीला भक्कम टेकू हवा आणि तीन दिवसांचं सामान बरोबर असतं. दोन्ही बाद.

चौथी, साइडकार. तिच्यावर वेगळं लिहितो.

३ फेब्रुवारी

साइडकारवरून घरात दोन दिवस चर्चा चालली होती.

माझ्या काकांची साइडकारवाली स्कूटर होती. सदाशिव पेठेतून निघायची तेव्हा काकू साइडकारमध्ये, त्यांच्या मांडीवर धाकटा, काकांच्या पुढ्यात उभा थोरला आणि मागे मी. त्या साइडकारच्या चौकोनी नाकाची शोभा मला अजून वाटते. हिच्या गुडघ्यालाही ती उत्तम: पाय लांब सोडून बसायचं, उंच चढायचं नाही. इथे उरल मिळते, ७४९ सीसीची, रिव्हर्स गिअर असलेली. ही गाडी कित्येक दशकं रशियात इर्बितला बनायची, २०२२ पासून जोडणी कझाकस्तानात होते.

अडचण चालवण्यात आहे. साइडकार एका अंगाला असल्यामुळे ॲक्सिलरेटर पिळला की गाडी साइडकारकडे ओढते, ब्रेक दाबला की उलट दिशेला. इथे साइडकार उजवीकडे असते, म्हणून उजव्या वळणात वेग जरा जास्त झाला तर ती उचलली जाते. शिकून हे सगळं जमतं, लोक त्यावर जग फिरतात. पण आमच्या सहलीत शंभरेक किलोमीटर फ्रीवे असतोच आणि तिथे ताशी ११० चा वेग तासभर धरायचा, हे तिचं काम नव्हे.

शेवटी हिनंच निकाल दिला. "मी तिकडे खाली आणि तुम्ही वर. एवढी वर्षं तुमच्या खांद्यावरून रस्ता बघतेय, तो मला दिसायला हवा." साइडकारचं पान बंद.

१० फेब्रुवारी

गॅरेजमध्ये खोटी सीट केली. लाकडी बाक, त्यावर जुन्या खुर्चीची गादी, दोन्ही अंगांना प्लायवुडच्या फळ्या, त्या वरखाली सरकवता येतील अशा. फिजिओथेरपिस्टकडून सांध्याचा कोन मोजायचं प्लास्टिकचं मापक घेऊन आलो.

हिचा डावा गुडघा आता ११५ अंशांपर्यंत वाकतो (सरळ पाय म्हणजे शून्य). पण वाकतो आणि सोसतो यांत फरक आहे. जुन्या दुचाकीवर मागच्या फूटरेस्टवर पाय ठेवल्यावर तो १०५ अंशांवर असायचा. बाकावर हिला बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि दर वीस मिनिटांनी विचारत राहिलो.

१०५ अंश: बाविसाव्या मिनिटाला पाय हलवावासा वाटला.
९० अंश: पाऊण तास.
८० अंश: पुस्तकाचं प्रकरण संपलं तरी तक्रार नाही.

८० अंशांसाठी सीटच्या कडेपासून पायाखालच्या फळीपर्यंत ४४ सेंटिमीटर लागले. आणि फळी अख्खं पाऊल मावेल एवढी हवी. नुसत्या दांडीवर पाय ठेवला की पाऊल एकाच जागी अडकतं. फळीवर ते पुढेमागे सरकवता येतं आणि गुडघ्याचा कोन अधूनमधून बदलता येतो. मला वाटतं, गादीच्या मऊपणापेक्षा याचं मोल जास्त आहे.

२४ फेब्रुवारी

एका शोरूममध्ये दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी उभ्या मिळाल्या. नुसतं चढणं-उतरणं, तेही प्रत्येकी आठ-दहा वेळा. विक्रेता कंटाळला असेल, पण यातून जे कळलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

दुचाकी साइड स्टँडवर डावीकडे कललेली असते, म्हणून चढायचं डावीकडून. डावा पाय फूटरेस्टवर, सगळा भार त्यावर, उजवा पाय पलीकडे. म्हणजे चढताना दरवेळी हिचं सगळं वजन बदललेल्या गुडघ्यावर यायचं. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे हिला फिजिओथेरपीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तीनचाकी सरळ उभी असते. ही उजवीकडून चढली: उजवा पाय फळीवर, भार उजव्या मांडीवर, डावा पाय फक्त पलीकडे गेला. उतरतानाही तसंच, डावा पाय आधी जमिनीला. पहिल्याच खेपेला हिनं माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

दुसरं, क्रम. दुचाकीवर चालक आधी बसून गाडी तोलून धरतो आणि मागच्याला त्याची पाठ आणि डिकी यांच्या फटीतून पाय काढावा लागतो. तीनचाकीला पार्किंग ब्रेक लावला की हिनं आधी बसायचं. पुढची सीट मोकळी असते, पाय तिच्यावरून आरामात जातो आणि गुडघा कमी वाकतो. नंतर मी.

एक जपायला हवं: स्पायडरचा सायलेन्सर उजव्या अंगाला आहे. उतरताना पोटरी लांब ठेवायची, पँट जाड घालायची.

बसायला ट्राय ग्लाइडची मागची सीट हिला जास्त आवडली. रुंद, हात टेकायला दोन्हीकडे जागा, पायाखाली फळ्या आणि त्यांची उंची बदलता येते.

९ मार्च

इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांकडे मागे दोन चाकं असलेली तीनचाकी आहे. त्यांना विनंती केली की मला मागे बसवून नाइल्स कॅन्यन रोडनं फिरवून आणा. एवढ्या वर्षांत मोठ्या गाडीवर मी मागे असा कधी बसलोच नव्हतो.

पहिल्याच डाव्या वळणात मी उजवीकडे फेकला गेलो. गृहस्थ सावकाश चालवत होते, तरी. पुढचा माणूस वळणाआधी अंग तयार ठेवतो, त्याच्या हातात हँडल असतं. मागच्याला वळण कळतं ते ढकललं गेल्यावरच. ब्रेकचंही तसंच. तीन मैलांनंतर माझे पंजे दुखायला लागले, कारण मी बाजूच्या दांड्या गच्च धरून बसलो होतो. रस्त्याच्या उजव्या कडेला एक खचका आला. मागचं एकच चाक त्यात गेलं आणि मी अख्खा एका अंगाला हललो, बैलगाडीत हलतो तसा. त्या मांडणीत मागचा माणूस थेट आसावरच बसलेला असतो. आणि तीन चाकांच्या तीन वाटा, त्यामुळे खड्डा चुकवायची सोयही कमीच.

घरी आल्यावर हिला सांगितलं, तू इतकी वर्षं काय काय सोसलंस ते आज कळलं. ती म्हणाली, "दुचाकीवर असं होत नाही हो. तिथे सगळे मिळून कलतो."

हिनं एका वाक्यात अख्खं भौतिकशास्त्र सांगितलं.

१० मार्च

त्या वाक्याचं गणित आज मांडलं. हिचं वजन ६० किलो. वळणाची त्रिज्या ३० मीटर.

दुचाकी ताशी ४० किमीनं या वळणातून जाताना साधारण २३ अंश झुकते. सगळा जोर सीटच्या दिशेनं खाली उतरतो. ६० किलोंचं माणूस ६५ किलोंचं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. बाजूला काही नाही. म्हणूनच चांगला चालक असेल तर मागचा माणूस वळणात डुलकीसुद्धा काढू शकतो.

न झुकणारी तीनचाकी त्याच वळणात, त्याच वेगानं: बाजूला २५ किलोंचा ढकल. धान्याचं पोतं कुणीतरी खांद्यानं लोटत असल्यासारखा. वेग ताशी ३० वर आणला की तोच ढकल १४ किलोंवर येतो. वेगात दहाचा फरक आणि ढकल जवळजवळ निम्म्यावर.

यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, हातांचे टेकू आणि कमरेला दोन्ही अंगांनी धरणारा पाठीचा टेकू यांच्याशिवाय तीनचाकी घ्यायची नाही. ती चैनीची वस्तू नाही, तिथे तोच कठडा आहे. दोन, वळणाच्या पिवळ्या पाटीवर २५ मैल लिहिलं असेल तर मी २० नं जाणार. तिथे दुचाकीवर मी ३५ नं जायचो.

२४ मार्च

शनिवार-रविवार तीनचाकीचा वर्ग केला. कॅलिफोर्नियात तीनचाकीला कारचा परवाना पुरतो आणि माझ्याकडे मोटारसायकलचाही आहे, म्हणजे कायद्यानं गरज नव्हती. पण जुन्या दुचाकीवाल्यालाच याची जास्त गरज असते, हे दोन तासांत पटलं.

चालत्या दुचाकीला डावीकडे न्यायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं, हे माझ्या हाडात मुरलंय. तीनचाकीवर मी तसंच केलं आणि गाडी सरळ उजवीकडे निघाली. या गाडीला हँडल कारसारखं, जिकडे जायचं तिकडे वळवावं लागतं. वर्गातली गाडी स्पायडर होती. तिला हातात ब्रेकचा दांडा नाही, उजव्या पायाखालचा एकच ब्रेक तिन्ही चाकांना लागतो. माझी उजवी बोटं पहिला अख्खा दिवस हवेत काहीतरी शोधत होती.

थांबताना पाय खाली टेकायची सवय तर मोडायलाच हवी. मागे दोन चाकं असलेल्या गाडीवर गाडी पुरती थांबायच्या आत पाय टेकला तर मागचं चाक त्यावर चढू शकतं. शिक्षिकेनं हे तीनदा सांगितलं.

आणि एक गमावणार आहे: कॅलिफोर्नियात तुंबलेल्या गाड्यांच्या रांगांमधून मोटारसायकल काढायला परवानगी आहे, पण कायद्यात जमिनीला टेकलेली दोन चाकं असं स्पष्ट लिहिलंय. तीनचाकीनं रांगेत उभं राहायचं.

६ एप्रिल

ट्राय ग्लाइड दिवसभर भाड्यानं. हेवर्डहून सॅन मटेओ पुलावरून हाफ मून बे, तिथून किनाऱ्यानं दक्षिणेला पेस्काडेरो आणि परत.

बिग सरला जायचं मनात होतं, पण ३० मार्चला रॉकी क्रीक पुलाजवळ हायवे १ ची समुद्राकडची कड ढासळली.

हिच्या बाजूनं: सीटला दहापैकी नऊ. गुडघा ८० अंशांवर, दीड तास एकही थांबा मागितला नाही. पुलावरच्या सांध्यांचे धक्के मात्र कमरेत जाणवले.

माझ्या बाजूनं: १,८६८ सीसीचं इंजिन, कमी वेगातही दमदार, आवाज पोटात उतरणारा. पण गाडी साडेपाचशे किलोंच्या वर आणि पुढचं एकच चाक वळवायला खांदा लागतो. हायवे ९२ च्या वळणांत उजवा खांदा भरून आला. हाफ मून बेच्या रहदारीत क्लच दाबून दाबून डाव्या मनगटाचं जुनं दुखणं उठलं. संध्याकाळी मला चमचा धरता येईना, हे हिनं पाहिलं. मी काही बोललो नव्हतो.

९ एप्रिल, गुढीपाडवा

मागच्या अंगणात गुढी उभारली. साडेतीन मुहूर्तांपैकी पहिला. आजच गाडी घ्यावी असं मला फार वाटत होतं, एका ठिकाणी बोलणीही झाली होती. हिनं थांबवलं. "माझी सीट चांगली आणि तुमचा हात निकामी, अशी गाडी मला नको. तुमचा हात आखडला तर पडणार दोघंही."

मी मागच्या सीटचा हट्ट धरून बसलो होतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन चुकत होतो. श्रीखंड खाल्लं, फोन करून बोलणी थांबवली.

२० एप्रिल

स्पायडर आरटी भाड्यानं, तोच रस्ता, मुद्दाम.

१,३३० सीसी, तीन सिलिंडर, सहा गिअर. क्लचचा दांडाच नाही. डाव्या अंगठ्यानं गिअर वर, बोटानं खाली, आणि वेग कमी झाला की ती आपोआप खालच्या गिअरात येते. हँडलला पॉवर स्टिअरिंग. परत आलो तेव्हा खांदा, मनगट दोन्ही जागच्या जागी.

पुलावरचे धक्के हिला कमी लागले. एकच चाक मागे, खचका आला तर आधी पुढचं एखादं चाक झेलतं आणि हलतो तो मी. ब्रेक दाबत वळताना गाडीचा भार पुढच्या बाहेरच्या अंगाला जातो. तिथे या गाडीला चाक आहे, दुसऱ्या मांडणीत तिथे काहीच नसतं. हे कागदावर माहीत होतं, आज पाठीच्या कण्याला कळलं.

उणं: भाड्याच्या गाडीला हातांचे टेकू नव्हते आणि पायाखाली लहान फूटरेस्ट, गुडघा ९५ अंशांवर. सीटला सातच गुण. विजेवर वरखाली होणारी पुढची काच माझ्या बेतानं लावली की हिच्या हेल्मेटवर वारा आदळतो. ही माझ्यापेक्षा उंच बसते. ती चार बोटं वर घेतली तेव्हा हिच्याकडे शांतता झाली. मी काचेच्या वरून रस्ता बघायचो, आता आरपार बघायचा.

पेस्काडेरोला सूप पिताना दोन्ही कागद समोर ठेवले. ही म्हणाली, सीट बदलता येते, तुमचं मनगट बदलता येत नाही.

गोल्डविंगच्या तीनचाकीचीही चौकशी केली. सहा सिलिंडरचं इंजिन, आपोआप बदलणारे गिअर, मागची सीट सोफ्यासारखी. गाडी अधिक चाकांचा संच अधिक मजुरी, असा हिशेब आमच्या पैशांच्या पलीकडे गेला.

१० मे, अक्षय तृतीया

घेतली. २०२१ ची आरटी, ११,४०० मैल चाललेली, १९,००० डॉलर. विकणाऱ्यानं मागच्या सीटला पाठीचा उंच टेकू आधीच लावून घेतला होता, निम्मं मन त्यानंच जिंकलं. घरी आणल्यावर हिनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली. शेजारच्या मुलांना एक-एक पेढा.

२५ मे

हातांचे टेकू बसवले. आतल्या अंगाला फोमवर शिवलेलं कापड, बाहेर उघडतील असे. उजवा उघडला की ही चढते-उतरते. पायाखाली फळ्या बसवल्या, गॅरेजच्या बाकावरचं माप घेऊन: ४३ सेंटिमीटरपर्यंतच खाली जातात. मापकानं कोन ८२ अंश आला. चालेल.

हेल्मेटमध्ये बोलायचे संच लावले. आमचं ठरलंय, मोठं वाक्य नाही: "डावं", "उजवं", "ब्रेक". वळणाच्या आधी दोन सेकंद. मला हे बोलायची सवय लागायला शंभरेक मैल लागले.

१६ जून

सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टन, वर लिक वेधशाळा. हा रस्ता १८७६ मध्ये बांधला तो घोड्यांच्या गाड्यांसाठी, म्हणून चढ सौम्य ठेवला आणि त्याची भरपाई वळणांनी केली. आमच्या कामाला यापेक्षा चांगली परीक्षा नाही. शेकडो वळणं आणि माझं "डावं-उजवं" एकसारखं चालू.

वर पोचायला कारपेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. दोन-चार मोटारसायकलवाले मागे आले, त्यांना जागा करून दिली. वर १८८८ ची मोठी दुर्बीण बघितली, डबा खाल्ला.

उतरताना निम्म्या वाटेवर माझं बोलणं थांबलं होतं, मी विसरलो होतो. एका वळणानंतर कानात आवाज आला, "उजवं सांगितलं नाहीत." मी माफी मागितली. ती म्हणाली, "नाही, मला कळलं होतं. हात टेकूवरच होता. सांगत मात्र राहा."

घरी आल्यावर नोंद: दोन तास दहा मिनिटं बैठक, गुडघ्याला सूज नाही, बर्फ लावायची गरज पडली नाही. डावा टेकू हिच्या कोपराला जरा उंच होतो, उद्या त्याखालचे दोन वॉशर काढायचे. उजव्या फळीवरचं रबर एका कडेला सुटतंय, ते चिकटवायचं. हिच्या पाठीच्या टेकूत खालच्या बाजूला दोन बोटं जाडीचा फोम घालून बघायचा, मग हॉलिस्टरवरून हायवे २५ नं पिनॅकल्स.